उन्हाळ्याची सुटी, घोडा आणि तीरकमठा

गळीत हंगाम उरकला, तोडणीच्या टोळ्या आपापल्या मुलखाला गेल्या, की कारखान्याच्या गेटवर तशी शांतता असते. घरात मात्र तेव्हाच गलका सुरू होतो. मुंबईकडची नातवंडं सुटीला येतात. आपल्या भागातल्या कितीतरी घरांचा एक तरी माणूस कल्याणच्या पलीकडं, उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या पट्ट्यात स्थायिक झालेला आहे. कुणी अंबरनाथच्या आयुध कारखान्यात आयुष्य काढलं, कुणी तिथल्या एमआयडीसीत, कुणी उल्हासनगरच्या बाजारात, आणि घरं स्वस्त म्हणून बदलापुरात फ्लॅट घेणारे तर विचारूच नका.

यंदा तिकडून एक वेगळीच विचारणा आली. पोरांना मे महिन्यात घोड्यावर बसून धनुष्यबाण चालवायला शिकवावं, महिनाभर सराव घ्यावा आणि शेवटी स्पर्धा भरवाव्यात, असं चार-पाच घरांनी मिळून मनात घेतलं आहे. पैसे जमवायची तयारी आहे. हंगाम कसा आखावा, घोडे कुठून आणावेत, जागा कशी असावी, एवढंच त्यांना सांगायला हवं आहे. जनावराची माहिती गावाकडच्या माणसाला असते, असा त्यांचा विश्वास. म्हणून हा लेख.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला वाट पाहायला नको. त्या पट्ट्यात उन्हाळा हा धनुष्याचा हंगाम धरावा. घोड्याचा हंगाम हिवाळ्यात. मे महिन्यात घोडा पोरांना ओळखीपुरता द्यावा, चालीवर द्यावा, आणि भरधाव धावेचं नाव दिवाळीपर्यंत काढू नये. हे ऐकून पोरांची तोंडं उतरतील. पण कारणं ऐका.

मुळात हा खेळ आहे काय? धावत्या घोड्यावर बसायचं, दोन्ही हातांत धनुष्य आणि बाण, म्हणजे लगाम सोडलेला. घोड्यानं आपणहून सरळ रेषेत धावायचं आणि स्वारानं वाटेतल्या लक्ष्यावर बाण सोडायचे. जपानात याला याबुसामे म्हणतात. कामाकुराच्या हाचिमान देवस्थानात बाराव्या शतकापासून हा विधी चालत आला आहे. धावपट्टीच्या कडेला तीन लाकडी पाट्या लावतात आणि स्वार एकामागून एक त्या फोडत जातो. हंगेरीत लायोश काश्शाई या माणसानं गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या पूर्वजांची ही विद्या पुन्हा उभी केली आणि तिला खेळाचे नियम दिले. सुमारे शंभर मीटरची सरळ धाव आणि मध्यावर लक्ष्य. लक्ष्य येण्याआधी पुढं बाण, शेजारी आलं की बाजूला आणि पुढं गेल्यावर मागं वळून. कोरियातही याच्या स्पर्धा होतात. शंभर मीटर पंधरा सेकंदांत गेले असं धरलं, तर तीन बाणांना प्रत्येकी पाच सेकंद मिळतात. तेवढ्यात भात्यातून बाण काढायचा, दोरीला लावायचा, ओढायचा आणि सोडायचा, तेही खाली जमीन पळत असताना. गंमत नाही.

आपल्या देशानं या विद्येचा मार खाल्लेला आहे. ११९२ साली तराईच्या दुसऱ्या लढाईत पृथ्वीराज चौहानाच्या फौजेला घोरीच्या घोडेस्वार तिरंदाजांनी पाळीपाळीनं येऊन दमवलं. अंगावर यायचं, बाण टाकायचे, मागं फिरायचं. पुढं मोगलांच्या काळात फ्रेंच डॉक्टर बर्नियर इथं होता. त्यानं लिहून ठेवलं आहे की बंदूकवाला दोनदा बार काढतो तेवढ्यात घोडेस्वार तिरंदाज सहा बाण सोडतो. मराठी स्वाराचं नाव मात्र भाल्याशी आणि तलवारीशी जोडलेलं आहे. आपल्याकडं तिरंदाज नव्हते असं नाही, पण राऊताच्या हातात लोकांना भालाच आठवतो. तेव्हा हा 'आपला प्राचीन मराठी खेळ' असं फलकावर लिहायचा मोह आयोजकांनी आवरावा. खेळ चांगला आहे, त्याला खोटी वंशावळ लागत नाही.

मराठी परंपरेतून घ्यायचं असेल तर वेगळं काही घेण्यासारखं आहे. कृष्णाजी अनंत सभासदानं आपल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी. हे शाळेत शिकवतात. पण त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडं लक्ष जात नाही. दर पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला होता. म्हणजे पाण्याचा माणूस आणि खुराचा माणूस. तलवार कुणाच्या हाती असेल ते नंतर. घोड्याला पाणी कोण पाजणार आणि नाल कोण ठोकणार, हे आधी ठरलेलं. त्या फौजेलाही हंगाम होता. पावसाळ्यात छावणी, दाणा-वैरणीची बेगमी, आणि दसरा झाला की कूच. घोडा बाराही महिने राबवायचा नसतो हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं.

बदलापूरचं नावही याच गोष्टीशी जोडतात. कोकणातून घाटावर जाताना या ठिकाणी घोडे बदलत, म्हणून बदलापूर, असं तिथले जुने लोक सांगतात. सांगोवांगीची गोष्ट आहे, पुराव्याला उभी राहील की नाही ते इतिहासकार जाणोत. पण तिच्यात शहाणपण आहे. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर या वाटेवरची वर्दळ वाढली असणारच, आणि उल्हासच्या खोऱ्यातला दमट उकाडा सोसून आलेला घोडा पुढं घाट चढायला देत नसतील, हे कुणाही जनावरवाल्याला पटेल. आज त्याच जागी आपण घोडा बदलायचं सोडून एकच घोडा दिवसभर वीस पोरांखाली फिरवायचा बेत करतो आहोत.

आता तिथली हवा पाहा. समुद्र जवळ आहे म्हणून तिकडं मुंबईसारखंच असेल असं घाटावरच्या माणसाला वाटतं. तसं नाही. पश्चिमेला मलंगगड आणि माथेरानची डोंगररांग आडवी आहे. समुद्राचं वारं दुपारी उशिरा आणि दमून पोचतं. एप्रिल-मेमध्ये बदलापूर-कर्जत पट्ट्यात पारा चाळीसच्या वर जातो, आणि हवा आपल्यासारखी कोरडी नसते. माणसाप्रमाणं घोडाही घाम गाळून अंग थंड ठेवतो. दमट हवेत तो घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि त्याबरोबर मीठ जातं. घोडेवाल्यांची एक ठोकताळ्याची बेरीज आहे. फॅरनहाइटमधला पारा आणि हवेतल्या दमटपणाचे टक्के एकत्र मिळवायचे. १३० च्या आत आलं तर निर्धास्त, १५० च्या वर गेलं तर जपून, १८० ला घोडा बांधून ठेवायचा. समजा पहाटे २८ अंश सेल्सियस आहे, म्हणजे फॅरनहाइटचे ८२, आणि दमटपणा ७५ टक्के. बेरीज झाली १५७. म्हणजे सूर्य उगवायच्या आधीच जपून वागायची वेळ आली. दुपारी दमटपणा उतरतो आणि बेरीज कमी दिसते, पण त्यावर जाऊ नका. वरचं ऊन त्या बेरजेत धरलेलं नसतं. तिकडं मे महिन्यात घोड्याचं काम पहाटे साडेपाच ते साडेसात, आणि एका घोड्याला त्यातला एक तास. संध्याकाळी जमीन तापलेली असते, तेव्हा फक्त पाणी आणि खरारा.

दुसरं टोक पावसाचं. शाळा सुटतात ते एप्रिलअखेर आणि मोसमी पाऊस तिकडं साधारण १० जूनच्या आसपास येतो. कागदावर पाच-सहा आठवडे दिसतात. पण २०२५ साली २६ मे रोजीच पाऊस मुंबईवर येऊन ठेपला होता. तेव्हा स्पर्धेची तारीख मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या पुढं नेऊ नये. नदीकाठचं मैदान स्वस्तात मिळतं म्हणून तिथं तबेला बांधून पावसाळ्यात घोडे ठेवायचा विचारही कुणी करू नये. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात उभी राहिली आणि हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तेव्हा तिकडं फोन लावून लावून रात्र काढली आहे. तिथं दावणीला बांधलेल्या घोड्याचं काय झालं असतं ते सांगायला नको.

घोडे कुठून आणणार?

खरी गोम इथं आहे. पोरांना सुटी मे महिन्यात, आणि घोड्यांना नेमकी त्याच महिन्यात उसंत नाही. उल्हासनगर-कल्याण भागात लगीनसराई म्हणजे वरातीच्या घोड्यांचा मुख्य हंगाम. घोडी रात्री अकरा-बारापर्यंत डांबरी रस्त्यावर, बँडच्या आणि फटाक्यांच्या आवाजात उभी असते. तीच घोडी पहाटे साडेपाचला पोरांच्या शिबिरात हजर करतो, भाडंही कमी लावतो, असं सांगणारा मालक नक्की भेटेल. अशा वेळी हात जोडून नको म्हणावं. रात्रभर न झोपलेलं जनावर सकाळी लाथ मारतं किंवा अडखळतं, आणि दोन्ही वेळा खाली पोरगं असतं.

कुणी म्हणेल, वरातीचा घोडा आवाजाला भीत नाही, मग धनुष्याच्या दोरीला तरी कशाला भिईल? बोलणं अर्धं खरं आहे. तो घोडा आवाजाला सरावलेला असतो, पण माणूस धरून नेईल तसं पावलापावलानं चालायला. मोकळ्या लगामानं सरळ जायचं त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आणि पुष्कळदा त्याच्या तोंडात काटेरी लगाम घातलेला असतो. त्याला १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, तरी दिसतो. त्यामुळं तोंड बधिर झालेलं असतं, किंवा इतकं दुखरं की लगामाला हात लावला की मान उडवतो. शिकाऊ पोराच्या हाती दोन्ही वाईट.

माथेरान जवळ आहे, तिथं मोटारींना बंदी असल्यानं घोडे भरपूर, असाही एक सल्ला दिला जातो. पण माथेरानचा हंगामही उन्हाळ्यातच. त्या घोड्यांच्या धन्याचं वर्षाचं पोट या दोन महिन्यांवर असतं. तो चांगला घोडा खाली पाठवणार नाही, आणि पाठवलाच तर थंड डोंगरावरून एका दिवसात बदलापूरच्या भट्टीत आणलेलं जनावर आठवडाभर तरी नीट खात नाही.

म्हणून घोडा भाड्याचा नको, घरचा हवा किंवा भागीत घेतलेला हवा, आणि तो आधीच्या हिवाळ्यात घेतलेला हवा. मार्गशीर्षात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते. तिथं मारवाडी, काठेवाडी, उंच, ताठ कानांची जनावरं नटवून उभी असतात. पाहायला सुरेख, पण पोरांसाठी ती नव्हेत. आपल्या भीमेच्या आणि नीरेच्या काठच्या धनगरांकडं जो बुटका, घट्ट बांध्याचा घोडा बिऱ्हाड वाहतो, तो भीमथडी. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं अलीकडं त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. आपल्या डोळ्यांसमोर मेंढरांमागं चालणाऱ्या त्या घोड्याला कागदावर नाव मिळायला इतकी वर्षं लागली! बारा-पंधरा वर्षांचा, गर्दीला सरावलेला, खुरानं धड असा भीमथडी मिळाला तर पोरांसाठी त्याहून चांगला घोडा नाही. उंची कमी, म्हणजे पडायचं अंतरही कमी.

ओझ्याचा हिशोब मात्र ध्यानात ठेवा. खोगिरासकट भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नको. ३०० किलोच्या घोड्याला ६० किलो झाले, त्यात जीन दहा किलोचं. उन्हाळ्यात तोही भार कमी करून ४५ किलोंवर आणावा. म्हणजे स्वार ३५ किलोंचा. बारा-तेरा वर्षांच्या अंगानं बारीक पोराचं हे वजन. बापानं 'मी पण एक चक्कर मारतो' म्हणायचं नाही.

चारा-पाण्याबद्दल ऊसवाल्यांनाच एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपला हात लगेच वाढ्यांकडं जातो. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते अंगातला चुना धरून ठेवतं. गाई-म्हशींना त्याचा त्रास होतो हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून आपण चुन्याची निवळी वापरतो. घोड्याचं पोट गाईसारखं चार कप्प्यांचं नाही, त्याला हा त्रास लवकर होतो आणि हाडं ठिसूळ पडतात. गावाकडून टेम्पोनं वाढी पाठवायची माया कुणी दाखवू नये. वाळलेलं गवत, थोडी हरभऱ्याची चंदी, मिठाचा खडा, आणि दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी. चंदी थोडी थोडी, दिवसातून तीन-चारदा, आणि खाल्ल्यावर दीड-दोन तास काम नाही. घोड्याला ओकता येत नाही. पोटात काही बिघडलं की ते आतच राहतं आणि पोटशुळानं एका रात्रीत जनावर जातं.

ग्लँडर्स रोगाची रक्ततपासणी झाल्याचा दाखला पाहिल्याशिवाय घोडा दावणीला आणू नये. हा रोग घोड्यावरून माणसाला होतो, आणि घोडा त्यात सापडला तर कायद्यानं त्याला मारावंच लागतं. पोरांना धनुर्वाताची सुई आधी टोचून घ्यावी. घोड्याच्या लिदीत त्या रोगाचे जंतू राहतात. धनुष्य शिकायला जावं आणि धनुर्वात घेऊन यावं, असा चावटपणा भाषेनं करून ठेवला आहे खरा, पण रोग चेष्टेचा नाही.

पाच आठवडे कसे घालवावेत

पहिले दोन आठवडे घोडा दिसताच कामा नये. दोन पायांवर उभं राहून, पाच-सात मीटरवरून मोठ्या लक्ष्यावर बाण. पोरांना १५ ते २० पौंड ओढीचं साधं धनुष्य पुरतं. घोड्यावरच्या धनुष्याला नेम धरायची दुर्बीण नाही की बाण टेकवायची कडी नाही. नजर लक्ष्यावर ठेवून, बोटांनी चाचपून बाण दोरीला लावता आला पाहिजे. हाच खरा अभ्यास. डोळे मिटून शंभर वेळा लावावा, मग उघडे ठेवून शंभर वेळा. लक्ष्यासाठी पाचटाचे घट्ट आवळलेले भारे गावाकडून न्यावेत, वाढ्यांपेक्षा ती भेट उपयोगी पडेल. मागं मातीचा बांध किंवा भिंत हवीच.

एवढ्यासाठी भारी मैदान लागतं असं कुणी समजू नये. २०२३ च्या ऑगस्टात बर्लिनला जागतिक तिरंदाजी स्पर्धा झाली. तिथं शेरेवाडीची आदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली आणि नागपूरच्या ओजस देवतळेनं १५० पैकी १५० गुण घेऊन पुरुषांचं सुवर्ण जिंकलं. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली, उसाच्या रानात केलेल्या मैदानावर शिकलेली. त्यांचा खेळ जमिनीवरचा, त्यांचं धनुष्यही वेगळं, चाकांचं. पण उसाचं रान आणि रोजचा सराव एवढ्यावर कुठवर जाता येतं ते यातून दिसतं. बदलापुरात कातकरी, ठाकूर मंडळींची वस्ती आहे. त्यांच्या जुन्या माणसांना तीरकमठ्याची जाण आहे. शिकारीला १९७२ पासून कायद्यानं बंदी आली, तशी ती विद्याही हातातून चालली. अशा एखाद्या बाबांना मानानं बोलावून, मानधन देऊन पोरांपुढं बसवावं. शहरातल्या शिक्षकाइतकंच त्यांच्याकडून शिकता येईल.

तिसऱ्या आठवड्यात लाकडी घोडा. चार खांबांना दोऱ्या बांधून त्यावर रिकामं पिंप आडवं टांगायचं, वर पोतं आणि खोगीर घालायचं, आणि दोघांनी हलवत राहायचं. त्यावर बसून बाण सोडायचे. पोरं हसून लोळतात, आणि हसता हसता कंबर सैल ठेवायला शिकतात. चौथ्या आठवड्यात खरा घोडा, पण धनुष्याविना. एकानं लांब दोरीवर गोल फिरवायचा, पोरानं हात पसरून, डोळे मिटून बसायचं. लगाम पोराच्या हातात द्यायचाच नाही, कारण शेवटी तो सोडायचाच आहे. डोक्याला शिरस्त्राण, पायात टाचेचा बूट; चप्पल रिकिबीत अडकली तर घोडा फरफटत नेतो. पाचव्या आठवड्यात दोन्ही एकत्र. मोतद्दारानं घोडा धरून चालवायचा, पोरानं वरून तीन बाण सोडायचे.

हे सगळं होत असताना घोड्याचंही शिक्षण चालू असतं आणि ते पोरांच्या शिक्षणाहून हळू चालतं. आधी त्याला धनुष्य हुंगू द्यावं. मग त्याच्याजवळ उभं राहून नुसती दोरी वाजवावी. मग जमिनीवरून, त्याच्या कानाच्या बाजूनं लांबून बाण सोडावेत. मग पाठीवरून. एकदा बुजला की चार दिवस मागं जावं लागतं. हे शिकवायला तीन-चार महिने धरले पाहिजेत, आणि ते दिवाळी ते होळी याच काळात जमतं. म्हणून मी म्हणतो की घोड्याचा हंगाम हिवाळा. ज्यांना भरधाव धावेची हौस आहे, त्यांनी पौष-माघात पोरांना शनिवार-रविवारी आणावं. तोवर हात तयार झालेले असतील.

स्पर्धा

स्पर्धेबद्दल माझा आग्रह एकच आहे. हंगेरियन आणि कोरियन पद्धतीत वेळेला गुण असतात. जितका लवकर पल्ला गाठाल तितके गुण वर. मोठ्यांच्या खेळात ते ठीक. पोरांच्या पहिल्या उन्हाळ्यात वेळेचे गुण ठेवले की घोड्याच्या पोटात टाचा बसायला लागल्याच म्हणून समजा. तेव्हा घड्याळ नको. साठ मीटरची, दोन्ही बाजूंनी दोरी लावलेली गल्ली, घोडा चालीवर, सगळी लक्ष्यं डाव्या हाताला. उजव्या हातानं दोरी ओढणारा डावीकडं बाण सोडतो, म्हणून त्या बाजूला माणूस, मूल, कुत्रं काही असता कामा नये आणि प्रेक्षक सगळे उजवीकडं. चालीवर साठ मीटरला छत्तीसेक सेकंद लागतात, म्हणजे दर बाणाला बारा. पुरेसे आहेत.

त्यापेक्षा घोड्याची नाडी गुणात धरावी. विसावलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. जबड्याच्या खालच्या कडेला बोटं लावली की लागते. फेरी संपल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ती ६० च्या खाली आली नाही, तर तो घोडा त्या दिवसापुरता बाद आणि त्याच्या गटाचे गुण कमी. अंगावर पाणी ओतायचं, निथळवायचं, थोडं थोडं पाजायचं, हे काम पोरांनीच करायचं. मग बघा, पोरं आपणहून घोडा सावलीला नेतात. गुरांचे डॉक्टर दिवसभर मैदानावर हवेत, आणि घोडा उतरवायचा की नाही हा शब्द त्यांचा; देणगीदाराचा नव्हे. प्राण्यांच्या प्रदर्शनासाठी २००१ च्या नियमांखाली प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते आणि घोड्यांचे खेळ त्यात येतात. हे कागद दोन-तीन महिने आधी सुरू करावेत, आदल्या आठवड्यात धावपळ करून होत नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर एका घरानं घोडा पाळणं शहरात वेडेपणाच आहे. जुन्या फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा आणि बारगिराला घोडा पागेतून मिळायचा. पोरांना बारगीर करावं. आठ-दहा घरांनी मिळून दोन घोडे, एक पगारी मोतद्दार, महिन्याला नालबंद. घोडा कुणाच्या नावावर, आजारी पडला तर खर्च कुणाचा, म्हातारा झाला तर त्याला कोण पोसणार, हे तीनही प्रश्न आधी कागदावर लिहून घ्यावेत. भाग-भांडवल जमवणं सोपं असतं, जबाबदारी वाटून घेणं अवघड, हे आपल्याला सांगायला नको. तिसरा प्रश्न लोक हमखास विसरतात आणि मग तो घोडा रात्री कुठंतरी हायवेच्या कडेला मोकळा सोडलेला सापडतो.

राहता राहिली जागा. भात निघालेली खाचरं बदलापूरच्या बाजूला अजून आहेत आणि शेतकरी उन्हाळ्यापुरती भाड्यानं देतात. पण ती मे महिन्यात दगडासारखी होतात, भेगा पडतात, त्यात घोड्याचा पाय मुरगळतो. साठ मीटर लांब आणि चार मीटर रुंद पट्टा नांगरून, ढेकळं फोडून, वर वाळू आणि भुसा टाकून पोट मऊ करून घ्यावा लागेल. नांगरट भात निघाल्या निघाल्या, जमिनीत ओल आहे तोवर करावी. एप्रिल उजाडला की त्या मातीत फाळ शिरत नाही.